ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातली नोकरी : जळगावातून, काउंटरच्या आतल्या बाजूने

जळगावात ट्रेकिंग-कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात नोकरी करावी का, असं ओळखीतली पोरं-पोरी विचारतात. माझं उत्तर 'करा' असंच आहे, फक्त पगार किती आणि दिवसभर उभं राहणं झेपेल का, हे आधी नीट बघा. मी अशाच एका मोठ्या दुकानात बूट आणि बॅगांच्या विभागात काम करते. अजून तिथेच आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

या नोकरीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. बाहेरून वाटतं की इथे नुसते डोंगर चढणारेच येत असतील. पाटणादेवी, लळिंग, साल्हेर करणारी कॉलेजची मंडळी येतातच, पण ती बघतात जास्त आणि घेतात कमी. खरी विक्री शेतकऱ्यांची. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की पाणी भरायला रात्रीच जावं लागतं, आणि एका हातात बॅटरी धरून फावडं चालत नाही. अमळनेरकडचे एक भाऊ आले होते, "ताई, डोकाले बांधानी बॅटरी शे का?" म्हणून. त्यांनी हात घातला तो सगळ्यात लांब झोत फेकणाऱ्या महागड्या हेडलॅम्पला. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला लांबचं नाही, पायापुढचं दिसायला हवं. साप पायापुढेच असतो. पसरट उजेडाचा घ्या. पूर्ण उजेडावर ठेवला तर चार्जिंग लवकर संपतं, मंद ठेवला तर रात्र निघते. त्यावर 'आयपीएक्स ४' लिहिलेलं असतं, म्हणजे शिंतोडे चालतील, पाटात पडला तर भरवसा नाही. भाऊंनी स्वस्तातला घेतला, आणि पुढच्या आठवड्यात चुलतभावाला घेऊन आले.

दिवाळीआधी नंदुरबारकडची गर्दी असते. धनत्रयोदशीच्या सुमाराला अस्तंभ्याची यात्रा असते आणि तो १,३२५ मीटरचा डोंगर भाविक रात्रीचेही चढतात. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघायच्या आधी रेनकोट आणि बूट खपतात.

त्याच दिवसांत एक आजी सुनेला घेऊन आल्या. नऊवारी, टाचांना भेगा, आणि पंजा इतका रुंद की बायकांच्या विभागातला एकही बूट धड बसेना. लांबी बरोबर यायची, पण करंगळी दाबली जायची. सून म्हणाली, एक नंबर मोठा द्या. मोठा दिला की टाच आत खालीवर होते आणि दुसऱ्याच दिवशी फोड येतो. मी पुरुषांच्या विभागातून त्याच लांबीचा बूट आणला, कारण त्यांचा साचा बहुधा रुंद असतो. आधी आतलं सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवलं आणि आजींना त्यावर उभं केलं. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली. मग बूट घालून दुकानातल्या लाकडी उतारावर चालवलं. उतारावर बोटं पुढे आपटली तर तो बूट बाद. आजींची आपटली नाहीत. लेस वरच्या दोन भोकांतून फास घालून बांधली की टाच धरली जाते, तेही सुनेला शिकवलं. आणि बजावलं, निघायच्या आधी पंधरा दिवस रोज शेतात घालून फिरा, कोरा बूट घालून पंढरपूरच्या वाटेला लागू नका. आजी म्हणाल्या, "पोरी, एवढं तर मला चपलेच्या दुकानात कोणी बसवूनही घेतलं नसतं." असं काम करायला मिळतं म्हणून मी या नोकरीला चांगले गुण देते.

हे सगळं दुकानाने शिकवलं, हेही मान्य करायला हवं. ट्रेनिंग खरंच चांगलं असतं. स्लीपिंग बॅगवर, म्हणजे आत शिरून झोपायच्या पिशवीवर, ती किती थंडीपर्यंत चालेल हे सांगणारे तापमानाचे दोन आकडे असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. कम्फर्ट हा बाईच्या शरीराला धरून ठरवतात, लिमिट हा पुरुषाच्या. त्यामुळे बाईने लिमिटचा आकडा बघून बॅग घेतली तर ती कुडकुडणार. हे मला इथे येण्याआधी माहीत नव्हतं.

पण इन्सेन्टिव्ह बिलाच्या रकमेवर मिळतो आणि ते मला पटत नाही. तोरणमाळला एक रात्र काढायला निघालेल्या पोराला उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग लागत नाही, तरी ती विकली तर माझ्या नावावर जास्त पैसे जमा होतात. आमचे सर बरे आहेत, कमी बिलावरून कधी बोलत नाहीत. वरून येणाऱ्या टार्गेटच्या कागदावर मात्र फक्त रक्कम असते. परत आलेलं गिऱ्हाईक त्यात कुठेच मोजलं जात नाही.

दुसरी तक्रार बुटांच्या सोलची. लोक बूट माळ्यावर ठेवतात, तीन-चार वर्षांनी काढतात आणि पहिल्याच चालीत सोल भुगा होऊन गळतो. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून सुटत जातं. न वापरता नुसतं ठेवलं तर जास्तच. वॉरंटी संपलेली असते, कंपनी हात वर करते आणि शिव्या काउंटरवरच्या पोरीला पडतात. मी आता बूट विकतानाच सांगते, "ठेवून देऊ नका, वापरा." एवढं एक वाक्य बिलावर छापायला काय हरकत आहे? दोनदा सुचवून पाहिलं, छापलेलं नाही.

आणि उभं राहणं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा नियम. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांची काळजी घ्यायची आणि संध्याकाळी आपल्याच पोटऱ्या भरून येतात. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायला केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात बदल केला. आपल्याकडे किमान एक स्टूल तरी मागायला लाज वाटायचं कारण नाही.

पगार सुरुवातीला बारा-तेरा हजार. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापतात, ते चांगलंच. सामानावर सूट असते, पण एवढ्या पगारात सूट मिळूनही चांगली बॅग परवडायला वेळ लागतो. रविवारची सुट्टी विसरा, मधल्या वारी मिळते. स्टॉक मोजणीच्या रात्री उशीर होतो. बाहेरगावच्यांनी, खास करून पोरींनी, घरी सोडायची सोय आहे का हे लागतानाच विचारून घ्यावं. आमच्याकडे ती मागितल्यावर झाली.

भरती बहुधा दोनदा निघते, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी. मुलाखतीत किती किल्ले केले ते विचारतील, पण एकही केला नसला तरी जा. आमच्या विभागात सगळ्यात चांगला बूट बसवणारा दादा आधी भुसावळला चपला शिवायचा.