जोडून झाल्यावर पीसी चालूच होत नाहीये: घरी बघायचं की पुण्याच्या तापकीर गल्लीत न्यायचं?

दिवाळीच्या साफसफाईत पीसी उघडला, धूळ उडवली, प्रोसेसरची पेस्ट बदलली, सगळं होतं तसं जोडलं आणि बटण दाबलं तर काहीच नाही, नाहीतर फॅन गरगर फिरतायत आणि स्क्रीन काळी. मग घरचे म्हणतात तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानात टाकून ये, मित्र म्हणतो दहा मिनिटांचं काम आहे घरीच बघ. मी दोन्ही केलंय, स्वतःच्या मशीनवर आणि मित्रांच्याही, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. दुकानदाराकडे तुमच्यापेक्षा जास्त काय असतं, तर चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), दुसरी रॅम, दुसरा प्रोसेसर. आपण त्याला पैसे देतो ते त्यासाठीच. ज्या तपासणीला दुसरा पार्ट लागत नाही ती सगळी घरी करा आणि जिथे पार्ट बदलून बघितल्याशिवाय कळणारच नाही तिथे उगाच जीव काढू नका, सरळ न्या.

आणि एक लक्षात घ्या, पीसी कालपर्यंत चालत होता. उघडून जोडल्यावर बंद पडला म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी लावायचं राहिलंय किंवा अर्धवट बसलंय, पार्ट जळालाय हा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

बटण दाबून अजिबातच काही होत नसेल, ना फॅन ना लाईट, तर घरीच बघा. एसएमपीएसच्या मागचा स्विच, मग मदरबोर्डावरचा २४ पिनचा मोठा कनेक्टर क्लिक होईपर्यंत दाबलाय का, आणि मग कॅबिनेटच्या बटणाची ती बारीक दोन पिनांची वायर, जी काढताना कुठे होती ते कोणालाच आठवत नाही. ही वायर बाजूला काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, पीसी चालू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. तरीही नाही झाला तर मेन बंद करून एसएमपीएस बोर्डापासून सोडवा, २४ पिनच्या कनेक्टरमधली पॉवर-ऑनची पिन, जिथे साधारण हिरवी वायर असते, ती शेजारच्या काळ्या वायरीच्या पिनेला पेपरक्लिपने जोडा आणि मग मेन चालू करा. फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस निदान सुरू तरी होतोय, मल्टीमीटर असेल तर १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ मध्ये आकडा यायला हवा. पण ही लोडशिवायची तपासणी झाली, लोडवर तो दम टाकतोय का हे दुसरा एसएमपीएस लावूनच कळतं, म्हणजे इथून पुढे दुकान. एसएमपीएस स्वतः मात्र कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ जीवघेणा चार्ज राहतो.

चालू होऊन सेकंदभरात बंद होतोय, हा प्रकार माझ्याकडेच झाला. जवळच्या एका दुकानात नेला, त्यांनी कॅबिनेट तसंच ठेवून बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि म्हणाले बोर्ड शॉर्ट आहे, नवीन घ्यावा लागेल. मला ते पटेना म्हणून घरी आणला आणि रात्री डायनिंग टेबलवर सगळं बाहेर काढलं. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, वर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम, पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डिस्प्ले आला. मग रिकामं कॅबिनेट उलटं केलं तर एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो छोटा खुंट, टणकन फरशीवर पडला. स्क्रू काढताना तो स्क्रूबरोबरच सुटून बोर्डामागे गेला होता आणि तिथेच शॉर्ट करत होता. नवीन बोर्डाचे सगळे पैसे वाचले, म्हणून दुकानात बोर्ड गेलाय असं सांगितलं तर पहिला प्रश्न हा विचारा की कॅबिनेटबाहेर काढून बघितलात का.

फॅन फिरतायत पण डिस्प्ले नाही, हे सगळ्यात जास्त होतं आणि इथेच लोक घाबरून दुकान गाठतात. प्रोसेसरला पॉवर देणारी ८ पिनची वेगळी वायर असते, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलर बसवल्यावर ती जागा दिसतही नाही, तीच राहते. तसंच ग्राफिक कार्डाची पॉवर. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावली असेल आणि प्रोसेसर इंटेलचा नावात शेवटी एफ असलेला असेल तर तिथून चित्र येणारच नाही, केबल ग्राफिक कार्डालाच लावा. मग रॅम. खोडरबराने सोनेरी पट्टी हलकी पुसायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, करा, पण रॅम बाहेर काढून आणि भुगा झटकून. एकच रॅम लावायची, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. क्लिपचा आवाज यायला हवा, एका बाजूला बसली आणि दुसरी बाजू केसभर वर राहिली तरी डिस्प्ले येत नाही. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे छोटे एलईडी असतील तर जो लागून राहतो त्यावरून अडलंय कुठे ते कळतं.

डीडीआर५ प्रकारची रॅम असलेल्यांनी अजून एक करा, थांबा. रॅम काढून लावल्यावर किंवा सीएमओएस क्लिअर केल्यावर (म्हणजे बोर्डाची सेटिंग मूळपदावर आणल्यावर) बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, त्यात स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते आणि नेमकं तेव्हाच आपण बटण दाबून बंद करतो. सीएमओएस क्लिअर करायला मेन काढून तो सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा. फक्त त्याआधी विंडोजच्या बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मोबाईलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून लिहून ठेवा, सेटिंग बदललं की ती मागितली जाऊ शकते.

एवढं करूनही सीपीयूचा किंवा डीरॅमचा लाईट जात नसेल तर दुकान जिंकलं. माझा एक मित्र हट्टाने घरीच बसला, ऑनलाइन रॅम मागवली, ती परत केली, मग दुसरी, तीन रविवार गेले. शेवटी तापकीर गल्लीत नेलं तर समोरच्याने दुसरा एसएमपीएस लावून दहा मिनिटांत पीसी चालू करून दाखवलं. सॉकेटच्या पिना वाकल्या असतील, किंवा एएमडीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला असेल आणि पिना मुडपल्या असतील तर तेही ज्याचा हात बसलाय त्यालाच करू द्या.

डिस्प्ले येतोय पण विंडोज येत नाही असं असेल तर मात्र दुकानात न्यायची घाई अजिबात नको, कारण तिथे फॉरमॅट मारून देऊ हे उत्तर पटकन मिळतं. एसएसडी किंवा हार्डडिस्क बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दिसते का बघा, नसेल तर केबल तपासा, असेल तर बूट ऑर्डर, म्हणजे आधी कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तो क्रम.

आता नेण्याचं. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला दिवाळीत गाडी घालणं अशक्य आहे, मंडईला लावून चालत जावं लागतं आणि हातात दहा किलोचं कॅबिनेट. धायरी, वारजेकडून ॲक्टिव्हावर मांडीत धरून आणणार असाल तर ग्राफिक कार्ड आधी काढून वेगळं ठेवा, खड्ड्यात त्याचा सगळा भार स्लॉटवर येतो. रिक्षात कॅबिनेट आडवं, बोर्ड खालच्या बाजूला. एसएसडी काढून घरीच ठेवा, डिस्प्लेचा प्रॉब्लेम शोधायला ती लागत नाही आणि तुमचा डेटा तुमच्याकडे राहतो.

घरी येणारा टेक्निशियन ज्येष्ठांना किंवा ज्यांना हे उघडायचंच नाही त्यांना बरा, पण त्याच्या बॅगेत सगळे पार्ट नसतात हे धरून चाला. वॉरंटी शिल्लक असेल तर ज्या पार्टवर संशय आहे तेवढाच बिलासकट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, आणि बोर्ड देताना सॉकेटचा जवळून फोटो काढून ठेवा कारण वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

दुकानात गेल्यावर नुसतं “चालू होत नाही” म्हणू नका. बाहेर काढून बघितलाय, एका रॅमवर बघितलाय, ८ पिन लावलीये, सेल काढून झालाय, आता एसएमपीएस बदलून बघा, असं सांगा आणि शक्य असेल तर ते बघेपर्यंत तिथेच उभे राहा.