1977ची कॅम्पर, 1600चे इंजिन: काम काढल्यानंतरचे आठ महिने

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहणाऱ्या आमच्या कुटुंबाकडे 1977 सालची फोक्सवॅगन टाइप 2 कॅम्पर (आत झोपण्याची सोय असलेली व्हॅन) आहे आणि तिच्या मागच्या बाजूला हवेने थंड होणारे मूळ 1584 सीसीचे, म्हणजे बोलीत '1600'चे, इंजिन बसते. ते उघडावे की सरळ बदलावे, या प्रश्नाने गेल्या वर्षी आम्हा नवराबायकोला तीन महिने छळले. काम होऊन आता आठ महिने आणि सुमारे 6,000 किलोमीटर झाले आहेत, म्हणून बरेवाईट दोन्ही लिहीत आहे.

लक्षणे फसवी होती. इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायचा, चढावर गाडीचा दम जायचा, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासले तेव्हा पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या सिलिंडरमध्ये 115 ते 120 पीएसआय, तर तिसऱ्यात जेमतेम 80 भरले. या इंजिनात तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जातो, हे जुन्या मालकांना पाठ असते. सुरुवातीच्या रचनेत ऑइल कूलर त्याच सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा होता, आणि 1970च्या दशकाच्या आरंभी तो बाजूला सरकवल्यानंतरही ती बदनामी पुरती पुसली गेली नाही. साहजिकच पहिल्या गॅरेजने हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवून व्हॉल्व्ह बदलण्याचा स्वस्त उपाय सुचवला आणि मीही जवळजवळ होकार दिला होता.

मत बदलले ते एका मापामुळे. दुसऱ्या मेकॅनिकने क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुढेमागे होणारी ढील डायल गेज लावून मोजली. ती 0.07 ते 0.13 मिलिमीटर असावी आणि 0.15 ही झिजेची मर्यादा, आमची 0.28 निघाली. नुसती ढील वाढली असती तर फ्लायव्हीलकडच्या तीन शिम (पातळ चकत्या) बदलून भागले असते, पण इथे मुख्य बेअरिंगच केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कवचात, हलत होते, आणि मॅग्नेशियम मिश्रधातूची ती केस लाइन-बोअर केल्याशिवाय, म्हणजे बेअरिंगच्या जागा एका रेषेत नव्याने कोरल्याशिवाय, नवे बेअरिंग घट्ट बसणार नव्हते. अशा इंजिनाला नवी हेड लावणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देण्यासारखे झाले असते.

तयार रीकंडिशन्ड (जुनेच, पण नव्याने बांधलेले) इंजिन काहीशे पौंडांनी स्वस्त मिळत होते, मात्र त्याची केस पूर्वी किती वेळा बोअर झाली आहे, हे कोणी लिहून द्यायला तयार नव्हते. पाण्याने थंड होणारे सुबारूचे इंजिन बसवायचे तर रेडिएटर आणि पाइप यांसाठी गाडीची चिरफाड करावी लागली असती. तो विचार एका संध्याकाळीच संपला. शेवटी स्वतःच्याच इंजिनाचे पूर्ण काम काढले आणि साधारण 2,900 पौंड मोजले. मॅटाडोरचे इंजिन उतरवताना अख्खे गॅरेज गोळा झालेले ज्याने पाहिले आहे, त्याला हे इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांवर धरलेले असते, हे पाहून नवल वाटेल.

खरा दोषी मात्र इंजिन बाहेर आल्यावर सापडला. आधीच्या कुणा मालकाने थर्मोस्टॅट (तापमानानुसार हवेची वाट उघडणारा भाग) आणि त्याच्या हवेच्या झडपा काढून टाकल्या होत्या, आणि खालची गरम हवा वर पंख्याकडे येऊ न देणारी इंजिनाभोवतीची रबरी पट्टी जागोजागी गायब होती, त्यामुळे पंखा इंजिनानेच तापवलेली हवा पुन्हा ओढत होता. हे भाग आणि रबर परत बसवायला आलेला खर्च एकूण बिलात नगण्य होता. तो टाळला असता तर नवे इंजिनही त्याच वाटेने गेले असते. त्याच वेळी पेट्रोलचे सगळे होजही बदलले, कारण इथे 2021पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यापुढे टिकत नाही.

ऑइलचा दिवा आता उन्हाळ्यातही शांत असतो. लेक डिस्ट्रिक्टमधला 454 मीटर उंचीचा कर्कस्टोन घाट गाडी दुसऱ्या गिअरमध्ये न तापता चढली. मात्र मागे वाहनांची रांग लागायची ती लागलीच, कारण पन्नासच्या आसपासची अश्वशक्ती दुरुस्तीने वाढत नाही. दर 5,000 किलोमीटरला अडीच लिटर ऑइल बदलणे आणि थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) 0.15 मिलिमीटरला लावणे सुटलेले नाही. एका पुशरॉड ट्यूबच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याभोवतीच्या नळीच्या) सीलमधून अजून ऑइलचा थेंब पडतो. गॅरेज ते विनामोबदला दुरुस्त करायला तयार आहे, पण त्यासाठी गाडी आठवडाभर ठेवावी लागेल आणि मुलांची सुट्टी सुरू झाली आहे, म्हणून सध्या पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा ठेवतो.