प्लांटेड टँकचा नवशिक्यांसाठीचा संच: सात महिने वापरून झाल्यावर

सात महिन्यांपूर्वी मी आयुष्यात पहिल्यांदा झाडांची टाकी (प्लांटेड टँक), म्हणजे पाण्याखाली खरी झाडं वाढवायची माशांची टाकी लावली. त्यासाठी नवशिक्यांसाठी म्हणून मिळतो तो तयार संच घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोक्यात काय होतं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कशाने घात होता होता राहिला, एवढं नीट सांगते.

खोक्यात ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरची काचेची टाकी, वर बसणारा एलईडी लाइट, मागच्या काचेला अडकवायचा फिल्टर, ५० वॉटचा हीटर, ६ लिटर ॲक्वा सॉइल (तळाशी घालायची माती), क्लोरीन काढायचं द्रावण, खताची बाटली, बॅक्टेरियाची बाटली, पाणी तपासायच्या पट्ट्या, पाच प्रकारची झाडं आणि एक माहितीपत्रक. वस्तू बहुतेक सगळ्या चांगल्या आहेत. माहितीपत्रक वाईट आहे. या संचाबद्दल माझं सगळं मत या दोन वाक्यांत येतं.

टाकीपासून सुरुवात करते. काच स्वच्छ, सिलिकॉनचे सांधे सरळ, आणि सात महिन्यांत एक थेंब गळलेला नाही. काठोकाठ भरली तर जवळपास ६५ लिटर होतात, पण माती, दगड आणि वर सोडलेली जागा धरता माझ्याकडे प्रत्यक्षात ५२ लिटर पाणी बसलं. हा आकडा मी बादली मोजून काढला आणि आतल्या झाकणावर लिहून ठेवला, कारण पुढे प्रत्येक औषधाचं, खताचं माप त्यावरच ठरतं. भरलेली टाकी ८० किलोच्या आसपास जाते. ती कुठल्याही टेबलावर ठेवून चालत नाही, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

सॉइल मात्र कमी दिली आहे. ६ लिटर माती ६० बाय ३० च्या तळाशी सपाट पसरली की थर जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरचा होतो. मुळांवर जगणाऱ्या झाडांना तो पुरत नाही. मी पुढे दोन आणि मागे साडेचार सेंटिमीटर असा उतार दिला. त्याने काम भागलं आणि टाकीही खोल दिसायला लागली. ही माती भाजलेल्या मऊ गोळ्यांची असते, ती धुवायची नाही. धुतली की गोळ्या फुटतात आणि चिखल होतो. पाणी भरताना मी मातीवर एक प्लास्टिकची पिशवी अंथरली आणि तिच्यावर बारीक धार सोडली. भरायला पाऊण तास लागला, पण पहिल्याच दिवशी पलीकडची भिंत दिसत होती.

आता माहितीपत्रकाबद्दल. त्यात लिहिलं आहे: बॅक्टेरियाची बाटली ओता आणि ४८ तासांनी मासे सोडा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नळीतला रंग बघून आकडा सांगणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तपासल्याशिवाय पुढे जायची सवयच नाही. संचातल्या पट्ट्या काढल्या तर त्यांवर पीएच, पाण्याचा जडपणा, क्लोरीन, नायट्राइट आणि नायट्रेट एवढेच चौकोन. अमोनियाचा चौकोनच नाही! पहिल्या महिन्यात ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं, तेच मोजायची सोय खोक्यात नाही. मी थेंबांचा अमोनिया टेस्ट वेगळा आणला. तिसऱ्या दिवशी ५ मिलिलिटर पाण्यात थेंब टाकले, नळी हलवली आणि पाच मिनिटं थांबले. रंग पिवळा राहायला हवा होता. तो आधी पोपटी झाला आणि मग बघता बघता गडद हिरवा. तक्त्याशी धरला तर २ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन. आठव्या दिवशी ४.

हा अमोनिया नव्या सॉइलमधूनच येतो. मातीत झाडांसाठी पोषण भरलेलं असतं, ते सुरुवातीला पाण्यात उतरतं. त्यात दोष काही नाही, फक्त त्या पाण्यात मासा असता कामा नये. आधी एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक, तिसरं त्या मानाने सौम्य आणि झाडांचं खाद्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, मातीवर, दगडांवर हळूहळू वस्ती करतात, आणि त्याला आठवडे लागतात. माझ्याकडे ११ व्या दिवशी नायट्राइटची नळी पहिल्यांदा निळ्याची जांभळी झाली, २४ व्या दिवशी अमोनिया शून्य आला आणि ३६ व्या दिवशी नायट्राइट. मधल्या काळात मी दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाणी बदलत होते. बॅक्टेरियाची बाटली सांगितल्याप्रमाणे पूर्ण ओतली होती, तरी ३६ दिवस लागले. छापलं आहे ४८ तास.

मुलगा लहान असताना आम्ही एका गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवला होता. रोज सकाळी त्याला खायला घालायचं काम मुलाचं. नवव्या दिवशी मासा पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होता, संध्याकाळी गेला. मुलगा म्हणत राहिला, मी जास्त खाऊ घातला का? मी काहीच सांगू शकले नाही. आठव्या दिवशीची ती गडद हिरवी नळी हातात धरली तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं उत्तर मिळालं. नवं भांडं, फिल्टर नाही, जिवाणू नाहीत, आणि माशाच्याच विष्ठेतून, श्वासातून साठत गेलेला अमोनिया. त्या दिवशी मुलाला फोन करून सांगितलं. तो आता सव्वीस वर्षांचा आहे, पण त्याला तो मासा आठवत होता. म्हणून या ४८ तासांच्या ओळीचा मला इतका राग येतो. ती वाचून आजही कुठलंतरी पोर तशा सकाळी टाकीपुढे उभं राहील.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पीएचवर बरंच अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग खऱ्या विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. ही सॉइल पीएच उतरवते. माझं नळाचं पाणी ७.६ होतं, टाकीत ६.६ वर आलं. म्हणजे इथे सॉइल थोडं सांभाळूनही घेते. पण त्या भरवशावर ४ पीपीएममध्ये मासे सोडायचे नसतात.

झाडं पाचही जोमदार आली: क्रिप्टोकोरिन (थोडक्यात क्रिप्ट), व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, अनुबियास आणि जावा फर्न. निवड अचूक आहे. वेगळा कार्बन डायऑक्साइड न देता, साध्या लाइटवर जगणारी ही झाडं आहेत. दोन डब्यांत जेलीवर वाढवलेली होती, तीन कुंड्यांत. जेली मुळांपासून पूर्ण धुवायची, कुंडीत मुळांभोवती भरलेली लोकर चिमट्याने ओढून काढायची. माझा अर्धा दिवस यातच गेला, आणि मला तो फार आवडला.

पत्रकातल्या चित्रात पाचही झाडं मातीत खोचलेली दाखवली आहेत. मी तसंच केलं. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आल्यासारखं जाड आडवं खोड असतं, ते मातीखाली गेलं की कुजतं. तिसऱ्या आठवड्यात अनुबियासचं पान हलकेच ओढलं तर देठासकट हातात आलं, आणि खोड बोटाने दाबलं तर मऊ, घाण वास. निरोगी तुकडा तीन पानांसकट कापला आणि सुती दोऱ्याने दगडावर बांधला. आज त्याला नऊ पानं आहेत. जावा फर्न वेळेवर बाहेर काढलं, ते वाचलं.

क्रिप्टोकोरिनने मला रडवलं. दहा दिवसांत सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. पत्रकात याबद्दल चकार शब्द नाही. ही झाडं नर्सरीत बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्याखाली आली की हवेतली पानं टाकतात आणि पाण्यातली नवी काढतात, आणि क्रिप्टोकोरिन तर जागा बदलल्यानेही पानं गाळतं. मी कुजकी पानं काढून टाकली, पण मुळांना हात लावला नाही. २३ व्या दिवशी रात्री लाइट बंद करायला गेले तर मातीतून सुईएवढं, तपकिरी, गुंडाळलेलं काहीतरी वर आलेलं. टॉर्च लावून पाहिलं तर पान होतं! दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी अजून एक. आता तिथे चौदा-पंधरा पानांचा झुपका आहे.

लाइट उत्तम आहे, कमी-जास्त करता येतो आणि रंग नैसर्गिक दिसतात. पण त्यात टायमर नाही, आणि पत्रक दहा ते बारा तास चालू ठेवायला सांगतं. नव्या टाकीला हे फार होतं. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर आला, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळं. ते नव्या टाकीत येतातच आणि पुढे आपोआप ओसरतात, त्यांची काळजी नको. पण पाठोपाठ केसांसारखं हिरवं शेवाळं व्हॅलिसनेरियाच्या टोकांना लोंबायला लागलं. मी साधा प्लगचा टायमर लावून सहा तासांवर आले, खत निम्मं केलं आणि शेवाळं जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढत राहिले. महिन्याभरात आटोक्यात आलं. आता आठ तास देते.

फिल्टर तासाला ३०० लिटर पाणी फिरवतो, या टाकीला भरपूर. पाण्याची पातळी ओठापर्यंत ठेवली तर आवाजही नाही. पण त्यातलं कार्ट्रिज दर महिन्याला फेकून नवं घाला, असं पत्रक म्हणतं. छत्तीस दिवस वाट पाहून जमवलेले जिवाणू त्याच्यावरच तर असतात! मी कार्ट्रिजच्या मागे स्पंजचा तुकडा कापून बसवला. तो महिन्यातून एकदा टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घेते, नळाखाली कधीच नाही. कार्ट्रिज झिजून गेलं, स्पंज राहिला. कोळंब्या ठेवायच्या असतील तर फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या नळीलाही स्पंज लावा.

हीटर ठीक. पाणी बदलताना बंद करायचा, एवढंच लक्षात ठेवा.

कुंडीतल्या झाडांबरोबर गोगलगायी आल्या. आधी मी वैतागले. मग वाचलं की १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एकत्र ठेवले, तेव्हा कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडायला लागलं आणि त्याने मुद्दाम गोगलगायी सोडल्या. त्यानंतर मी त्यांना काढलं नाही. विरघळलेली क्रिप्टची पानं त्यांनीच साफ केली.

सहाव्या आठवड्यात सहा एम्बर टेट्रा मासे सोडले, दोन सेंटिमीटरचे, निखाऱ्याच्या रंगाचे. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घातलं. दोन आठवड्यांनी पाच अमानो श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या. प्लांटेड टँकला निसर्गदृश्याचं रूप देणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्यावरून हे नाव पडलं आहे. या कोळंब्यांची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे संख्या वाढायची भीती नाही. पहिल्यांदा कात टाकलेली दिसली तेव्हा मला वाटलं एक मेली. पारदर्शक, मिशांसकट अख्खी, पण आत काहीच नाही. पाच मोजून झाल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. अकराही जीव आज आहेत.

संच घ्यावा का? घ्यावा. टाकी, लाइट आणि झाडांची निवड यांसाठी नक्की घ्यावा. त्याच दिवशी अमोनियाचा थेंबांचा टेस्ट, प्लगचा टायमर आणि ३ लिटर जास्तीची सॉइल घ्या. पाचपैकी चार गुण देते. एक गुण त्या ४८ तासांच्या ओळीसाठी कापला, आणि कंपनीलाही तसं लिहून कळवलं आहे.

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलीने टाकी लावायची म्हटल्यावर तिला हाच संच दिला. पत्रक काढून घेतलं आणि माझ्या वहीतली ३६ दिवसांची नोंद त्याच्या जागी ठेवली. परवा तिचा फोन आला, "मावशी, क्रिप्टची सगळी पानं गेली गं, उपटून टाकू का?" मी म्हटलं, "मुळांना हात लावू नकोस. टॉर्च आहे ना घरात?"