डेथ व्हॅलीला जाताना: ओलांचा की ट्रोना?

लॉस एंजेलिसहून कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅली नॅशनल पार्कला निघालं की १४ नंबरचा रस्ता संपून ३९५ नंबरचा हायवे लागेपर्यंत डोक्याला ताप नाही. प्रश्न येतो इन्योकर्नजवळ. तसंच उत्तरेला ओलांचापर्यंत जाऊन स्टेट हायवे १९० धरायचा, की उजवीकडे वळून रिजक्रेस्ट, ट्रोना करत पनामिंट व्हॅलीत शिरायचं? दोन्ही वाटा शेवटी १९० वरच भेटतात, पुढचा टाउन पासचा घाट कुणालाच चुकत नाही. मी दोन्हीकडून गेलोय. ट्रोनाकडून एकदा आई-बाबांना घेऊन.

ट्रोनाची वाट जवळची. वीसेक मिनिटं वाचतील असं नकाशा सांगतो आणि एकटे असाल तर ती वाचतातही. सर्ल्सच्या कोरड्या तळ्याकाठचं हे कारखान्याचं गाव. काचा लावल्या तरी गंधकाचा वास आत येतोच, पण मला त्याचं फारसं काही वाटत नाही. उलट स्लेट रेंजची खिंड ओलांडली की खाली अख्खी पनामिंट व्हॅली एकदम दिसते आणि वर टेलिस्कोप पीक, ११,०४९ फूट, हिवाळ्यात बर्फाची टोपी घातलेलं. त्या नजाऱ्याला नावं ठेवणार नाही.

माझं बिनसलं ते त्याच्या पुढे. व्हॅलीत रस्ता सरळसोट दिसतो, पण सपाट नाही. डोंगरातून येणारं पुराचं पाणी वरून निघून जावं म्हणून जागोजागी खळगे ठेवलेत, त्यात मधेमधे डांबराची ठिगळं. स्टिअरिंगवर बसलेल्याला गंमत वाटते. मागे बसलेल्या आईला तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्यालाच ढवळायला लागलं, आणि बाबांच्या मांडीवरचा चहाचा थर्मास उलटला. थांबावं तर ना सावली, ना टॉयलेट. वाचलेली वीस मिनिटं सीट पुसण्यात गेली. गाडी उन्हात उभी राहिली की अजून नासक्या दुधाचा वास येतो. कदाचित आमचंच नशीब. स्पोर्ट्स कारवाले मित्र तर याच रस्त्याची तारीफ करतात.

१९० वरही वळणं आहेत, फादर क्रॉली पॉइंट या दरीकाठच्या थांब्यानंतर तर चांगलीच. पण वळण आधी दिसतं, खळगा दिसत नाही. आणि वरंध्यात, आंबेनळीत गेलेल्या आपल्या माणसांना वळणांचं काय कौतुक! पुढच्या खेपेला आम्ही ओलांचाहूनच गेलो. आरशात सिएरा नेवाडाच्या डोंगरांची भिंत, शेजारी ओवेन्स लेकचा पांढुरका तळ. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसने कालवा काढून इथलं पाणी पळवलं, नंतर तळं आटलं. आपण एरवी बागेला घालतो त्यात तेही पाणी असतं, हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

मग जोशुआची झाडं, आणि फादर क्रॉली. इथल्या दरीतून लढाऊ विमानं आपल्या पायांखालून जायची. जुलै २०१९ मध्ये एक विमान कोसळलं, पायलट गेला, बघणारे सात जण जखमी झाले. त्यानंतर ती इतक्या खालून येत नाहीत. पण इथे टॉयलेट आहे, आणि आमच्या गाडीत त्याला विमानांपेक्षा जास्त मान.

टाउन पास ४,९५६ फुटांवर. तिथून खाली डेथ व्हॅलीतली स्टोव्हपाइप वेल्स ही वस्ती जवळजवळ समुद्रसपाटीला, सतरा मैलांच्या आसपास नुसता उतार. १९२६ मध्ये आइकबाउम नावाच्या गृहस्थाने इथे टोलचा रस्ता काढला होता. चढावर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या आहेत. उन्हाळ्यात त्या खऱ्या माना. उतरताना बाबा मागून बजावत होते, “गिअरमध्ये उतरव, ब्रेकवर पाय ठेवू नकोस.” ऑटोमॅटिकलाही तेच लागू.

गॅस, म्हणजे पेट्रोल, ३९५ वरच भरा, पार्कात महाग पडतो. निघायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे ना तेही बघा. ऑगस्ट २०२३ च्या वादळात १९० इतका वाहून गेला की पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं.

ट्रोना हवंच असेल तर परतीला घ्या. तोवर थर्मास रिकामा झालेला असतो.