चर्चशिवायच्या वाचकासाठी मराठी बायबल: कोणती प्रत, कोणतं ॲप

मराठी बायबल मागितलं की काउंटरवरून उलट प्रश्न येतो, "कुठल्या चर्चचे?" प्रश्न भोचक वाटला तरी दुकानदाराचं चुकत नाही. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. चुकीची प्रत गेली तर गिऱ्हाईक ती बदलायला परत येणार. पण "कुठल्याच नाही" असं उत्तर देणारीही माणसं असतात. कुणाच्या घरात देव्हारा आहे, पण रात्रीची प्रार्थना येशूची. कुणी लहानपणी संडे स्कूलला गेलेलं, पण नोकरीपायी नवी मुंबईत आल्यावर पॅरिशच्या वहीत नाव घातलंच नाही. कुणी ट्रस्टींच्या भांडणांना कंटाळून घरीच वाचतं. मराठीला हा प्रकार नवा नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळं होऊन 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती.

हे परीक्षण त्याच गिऱ्हाइकासाठी. ज्याला उपदेश ऐकवायला पाळक नाही, शंका विचारायला बायबल स्टडीचा गट नाही, त्याला पुस्तकानेच बरंचसं काम करून द्यावं लागतं. त्यात कुठली मराठी प्रत कितपत पुरी पडते, एवढंच पाहायचं.

एकच घ्यायची असेल तर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र' घ्या. ॲपच्या यादीत हीच 'आर. व्ही. री-एडिटेड' म्हणून दिसते. भाषा जुन्या वळणाची आहे. 'सार्वकालिक', 'नीतिमत्त्व', 'देहस्वभाव' असे शब्द सुरुवातीला अडतात, मग अंगवळणी पडतात. मोठ्याने वाचायला मात्र हिच्या तोडीची दुसरी प्रत नाही. वाक्यं श्वासाच्या मापाने तुटतात, त्यामुळे २३ वं स्तोत्र रोज रात्री एकदा म्हटलं तरी आठवड्यात तोंडपाठ होतं.

हिचा खरा गुण एका क्रियापदात आहे. हिच्यात 'येशू म्हणाला' असतं आणि देवाला 'तू' असतं. मूळ हिब्रूत आणि ग्रीकमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. 'तू' की 'तुम्ही' हे मराठीत आणणाऱ्यालाच ठरवावं लागतं. विठोबाशी अरे-तुरेत बोलणाऱ्या भाषेत या 'तू'मध्ये अनादर नाही, सलगी आहे. दार लावून एकट्याने प्रार्थना करणाऱ्याच्या तोंडी तोच बसतो.

दुसरा शब्द 'मंडळी'. ग्रीकमधल्या 'एक्लेसिया'चा अर्थ जमलेले लोक, सभा. त्यासाठी 'चर्च' म्हटलं की डोळ्यांपुढे घंटाघर येतं. 'मंडळी' म्हटलं की माणसं येतात, कारण आपण घरच्यांनाही मंडळीच म्हणतो. मत्तय १६:१८ ('या खडकावर मी आपली मंडळी रचीन') वाचताना हा फरक ध्यानात ठेवा. चर्चबाहेरचा माणूस मंडळीबाहेरचा ठरतो का, हा प्रश्न मग तितका सरळ राहत नाही. इब्री लोकांस पत्रातलं १०:२५ मात्र टाळता येणार नाही. एकत्र जमणं सोडू नका, असं तिथे साफ लिहिलंय, आणि एकट्याने चालणाऱ्याला हमखास ऐकवली जाणारी ओळ ती हीच. तिच्यासोबत योहान ४:२१ ते २४ वाचा: पित्याची उपासना ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत. दोन्ही उतारे एकाच बैठकीत वाचले तर कुठल्याच बाजूला फार आरामात बसता येत नाही, आणि ते बरंच आहे.

हिची मोठी उणीव टिपांची. उताऱ्यांना मथळे आहेत, पण परूशी कोण, शोमरोनी लोकांशी यहुद्यांचं का पटत नव्हतं, हे साध्या प्रतीत कुणी समजावत नाही. शोमरोन्यांचं उत्तर याच पुस्तकात, २ राजे १७ व्या अध्यायात पडलेलं आहे. तिकडे बोट दाखवणारं कुणी नाही, इतकंच. यात निष्काळजीपणा नाही. १८०४ साली लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली, तेव्हाच टीप किंवा भाष्य न जोडता बायबल छापायचं असं ठरलं होतं, म्हणजे कुठल्याच पंथाला हरकत घ्यायला जागा नको. बायबल सोसायट्यांची घडण त्या विचारातली. पंथच नको असलेल्या वाचकाला हे सोयीचं वाटेल. पण टीप नसली की समजावण्याचं काम आपोआप पाळकाकडे जातं, आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे नेमका तोच नाही. उपाय साधा: शंभर पानी वही घ्या, अडलेला शब्द आणि अध्याय-वचन लिहून ठेवा, पुढे उत्तर सापडलं की त्याच ओळीत भरा. वर्षभराने ती वही छापील टिपांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता वस्तू म्हणून. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. हायलायटर मागच्या पानावर उतरतो, जेल पेन तर आरपार जातं, बॉलपेनचा दाब खालच्या तीन-चार पानांवर उमटतो. मऊ पेन्सिल किंवा मेणाचा कोरडा रंगखडू, बाकी काही लावू नका. नवी प्रत मधोमध सताड उघडली तर पाठीचा गोंद तडकतो आणि पुढे तिथूनच पानं सुटायला लागतात. ती पाठीवर उभी धरा, पुढून वीस-पंचवीस पानं दाबा, मग मागून तेवढीच, असं आलटून-पालटून मध्यापर्यंत या. सोनेरी कडेची पानं सुरुवातीला एकमेकांना चिकटलेली असतात. ओढून सुटी करू नका, कडेवरून अंगठा फिरवा.

अगदी लहान आकाराची प्रत लोकलमध्ये पर्समध्ये मावते, पण तिच्यात रफार, अनुस्वार आणि वेलांटी एकमेकांत घुसतात. चाळिशी लागली असेल तर मोठा टाइप घ्या. जुन्या बाजारातल्या प्रतींत 'नाहीं', 'आम्हीं' असे अनुस्वार दिसले तर बिचकू नका, ते जुनं शुद्धलेखन आहे.

पावसाळा हा वेगळा विषय. ऐरोली, कोपरी, नेरूळ अशा खाडीकडेच्या भागांत जून ते सप्टेंबर रेक्झिनच्या कव्हरवर पांढरी बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात प्रत ठेवू नका. चेनवालं कव्हर गर्दीत कामाचं, पण भिजट हातांनी वाचून प्रत तशीच आत कोंडली तर ओल आतच राहते. घरी चेन उघडी ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका आणि अधूनमधून पानं पंख्याखाली पिंजून घ्या.

बिब्लिका संस्थेची 'मराठी समकालीन आवृत्ती' वाचायला झरझर जाते. प्रेषित पौलाच्या पत्रांतली लांबलचक वाक्यं तिने तोडली आहेत. रोमकरांस पत्राचे ५ ते ८ हे अध्याय पवित्र शास्त्रात तीनदा वाचूनही सुटले नाहीत तर इथे सुटतात. पण तिच्यात 'येशू म्हणाले' आहे, प्रभूच्या प्रार्थनेत 'तुमचे नाव' आहे, आणि जुन्या करारात 'परमेश्वर'च्या जागी 'याहवेह' आहे. देवाचं हिब्रूतलं चार अक्षरी नाव तसंच ठेवणं अभ्यासाला प्रामाणिक, पण मराठी जिभेवर तो शब्द वळत नाही. संकटात माणूस 'परमेश्वरा' म्हणून हाक मारतो. 'याहवेह, तुम्ही ऐका' म्हणताना समोर साहेबांची केबिन आल्यासारखं होतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी समकालीन मनात वाचा, अर्थ कळला की तोच उतारा पवित्र शास्त्रातून मोठ्याने.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुठे हाती आलं तर सोडू नका. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून ते केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर आलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. पण अँग्लिकन मत जसंच्या तसं गिळायला त्यांनी तिथल्या सिस्टरांना पत्रांतून ठाम नकार दिला होता. रोजच्या वापराला ही प्रत नको, एखाद्या वचनाशी ताडून पाहायला ठेवा.

ॲपमध्ये यूव्हर्जनचं बायबल ॲप पुरेसं आहे. २००८ पासूनचं, अमेरिकेतल्या लाइफ चर्चने काढलेलं, फुकट आणि जाहिरातींशिवाय. भाषांच्या यादीत मराठी निवडा, पवित्र शास्त्र आणि समकालीन या दोन्ही आवृत्त्या घरच्या वायफायवर उतरवून घ्या, म्हणजे नेट नसतानाही मजकूर उघडतो. वचनावर बोट ठेवलं की तुलनेचा पर्याय येतो. दोन्ही भाषांतरं एकाखाली एक दिसतात, आणि ॲप ठेवायचं खरं कारण हेच. ठाणे ते वाशी लोकलला अर्धा तास लागतो. तीन अध्याय आरामात होतात. डब्यात भजनी मंडळ असेल तर ऑडिओचा नाद सोडा, वाचा. आणि घरच्यांना सगळंच सांगितलेलं नसेल तर नोंद जतन करताना ती खासगी आहे ना, हे दर वेळी पाहा. मित्र जोडायचं सदर रिकामंच ठेवा.

ॲपच्या दोन गोष्टी खटकतात. सलग किती दिवस उघडलं याचा हिशेब ते ठेवतं. हजेरीपट नको म्हणून चर्च सोडलेल्या माणसाच्या खिशात पुन्हा हजेरीपट! दुसरी, 'आजचं वचन'. यिर्मया २९:११ हे त्यातलं लाडकं, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच विचार आहेत अशा अर्थाचं. त्याच्या आधीचंच, दहावं वचन उघडा: बाबेलात सत्तर वर्षं जायची आहेत, तेव्हाच सुटका. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं हे पत्र, आणि ते वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर हयात नसणार. वचनांचे आकडे मुळात नव्हतेच. नव्या करारात ते १५५१ मध्ये रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. म्हणून सूचना बंद करा आणि मथळा ते मथळा वाचा.

वाचनाचा बेत उत्पत्तीपासून धरला तर तो कुठे मोडतो हे गणितानेच दिसतं. ६६ पुस्तकांचे एकूण अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर वर्षात पुरे होतात. उत्पत्तीचे ५०, निर्गमचे ४०, म्हणजे चौथा आठवडा संपता संपता लेवीय उघडतं, आणि अर्पणांच्या व त्वचारोगाच्या नियमांत पुस्तक मिटतं ते मिटतंच. त्याऐवजी मार्कचे १६ अध्याय दिवसाला एक या हिशेबाने घ्या, मग लूक, मग प्रेषितांची कृत्ये. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेनुसार, चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचा. स्तोत्रं १५०, रोज पाच म्हणजे महिना. ओळीने घेतली तर २४ व्या दिवशी ११६ ते १२० येतात, आणि त्यात ११९ वं एकटंच १७६ वचनांचं. ते वेगळं काढून आठवडाभर रोज २५-२६ वचनं असं वाचा.

विकत घेताना दुकानातच प्रत चाळा. बांधणीत एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) गळतो किंवा तोच दोनदा लागतो, आणि जाड पुस्तकात ते महिनोन् महिने कळत नाही. पानांचे आकडे सलग आहेत का पाहा, विशेषतः मलाखी संपून मत्तय, म्हणजे जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे. मग एकेका अध्यायाची पाच पुस्तकं शोधा: ओबद्या, फिलेमोनाला पत्र, योहानाचं दुसरं आणि तिसरं, आणि यहूदाचं. पाचही सापडली की पैसे द्या.