० ते ३२ चं ब्रिक्स मीटर: एका हंगामाच्या वापरानंतर, झाकणाच्या पिनेच्या तक्रारीसह

झाकणाची पिन निसटली. ब्रिक्स मीटर म्हणजे फळाच्या रसात साखर वगैरे किती टक्के विरघळलंय ते दाखवणारं हातातलं यंत्र: काचेवर रसाचे थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि डोळा लावून आतल्या पट्टीवर आकडा वाचायचा. त्यात बिघडण्यासारखं जे काही असतं त्यातली ही सगळ्यात क्षुल्लक गोष्ट, आणि या लिखाणातला निम्मा राग तिच्यावरच आहे. काच शाबूत, आतली आकड्यांची पट्टी शाबूत, शून्य जागेवर. पण काचेवर बसणारं पारदर्शक झाकण ज्या बारीक पिनेवर फिरतं ती द्राक्षबागेत कुठेतरी पडली. विकणाऱ्याचं उत्तर असं: सुटं झाकण मिळत नाही, सुटी पिन मिळत नाही, हे वॉरंटीत बसत नाही, नवीन मीटर घ्या. दोन रुपयांच्या पिनेपायी बाराशे-पंधराशेचं मीटर मोडीत काढायचं. नाही काढलं.

पिन पडते का, तर ती नुसती दाबून बसवलेली असते, टोकं ठोकून पसरवलेली नसतात. द्राक्षाचा रस बिजागरीत उतरतो, वाळतो, चिकट होतो; झाकण उघडलं की पिन थोडी थोडी सरकत जाते. त्यात रात्री डबा उघडा राहिला तर सकाळी बिजागरीत मुंग्या. टाचणी कापून घालणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, पण आंबट रसाने टाचणी लवकर गंजते आणि गंजाचा कण काचेवर घासला गेला तर ओरखडा कायमचा. चालतं ते असं: घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याच्या कड्या जोडणारी पिन असते, ती घड्याळवाल्याकडे पाच-दहा रुपयांत मिळते. भोकात जाईल त्या जाडीची निवडायची, जास्तीची लांबी कापायची, बिजागरी कोमट पाण्यात बुडवलेल्या कानकाडीने साफ करायची, पिन घालून दोन्ही टोकांना नेलपॉलिशचा एकेक ठिपका. पॉलिश काचेकडे ओघळू द्यायचं नाही. कारखान्यातून आलेल्या पिनेपेक्षा हे काम पक्कं होतं.

आता मुद्द्याचं. झाकण सैल झालं की मीटर चुकीचं दाखवतं, असं बागेत सर्रास बोललं जातं आणि माझंही मत तेच होतं. ते बदललं. आत बघितल्यावर पट्टीवर निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात ती रेघ म्हणजे आकडा. ती कुठे पडणार हे रस आणि काच यांच्या सीमेवर प्रकाश कोणत्या कोनापर्यंत आत येतो त्यावर ठरतं. रसाचा थर जाड की पातळ, याचा त्या कोनाशी संबंध नाही. म्हणून वाकडं बसलेलं झाकण, खाली राहिलेला बुडबुडा किंवा अर्धवट पसरलेला रस यांनी आकडा हलत नाही, रेघ पुसट होते. पुसट रेघेवर माणूस अंदाज मारतो आणि दोष मीटरला देतो. दोन-तीन थेंब जास्त टाका, झाकण हलकं दाबा, उजेडाकडे धरा, रेघ परत येते.

झाकणाचं खरं काम वेगळंच निघालं. नाशिक-सांगलीकडे फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी कोरडा वारा असतो. उघड्या काचेवर रसाचा पातळ थर ठेवून कोणी गप्पा मारत उभा राहिला तर पाणी उडतं आणि आकडा वर सरकतो. रस टाकला की लगेच झाकण, दहा-पंधरा सेकंद थांबायचं म्हणजे रस काचेच्या तापमानाला येतो, मग वाचायचं. दोन मिनिटांनी परत वाचून "वाढला बघा ब्रिक्स" म्हणण्यात अर्थ नाही. थोडक्यात, पिनेवरचा राग कायम आहे, पण कारण बदललं.

तापमानाच्या आपोआप दुरुस्तीबद्दल. पट्टी २० अंशाला धरून आखलेली असते. रस आणि मीटर तापले की आकडा कमी दिसतो: दुरुस्ती नसलेल्या मीटरमध्ये ३० अंशाला सुमारे पाऊण ब्रिक्स कमी, ४० अंशाला दीडच्या वर. दुरुस्ती असलेल्या मीटरच्या पोटात दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि आतलं भिंग किंवा लोलक सरकवून तेवढा फरक भरून काढते. पण ही सोय साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते. बागेत दुपारी ३५ आणि गाडीच्या डिकीत ठेवलेलं मीटर त्याहून गरम, तिथे ती पट्टी काय करणार? उपाय साधा आहे. ज्या सावलीत रस मोजायचा, तिथेच पाण्याची बाटली आणि मीटर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग पाण्याने शून्य लावायचं, म्हणजे काचेवर पाणी टाकून स्क्रूने रेघ ० वर आणायची. तापमानामुळे आकड्यात पडणारा फरक पाण्यात आणि १८-२० ब्रिक्सच्या रसात जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे चूक बरीचशी आपोआप कटते. मात्र दुपारी लावलेलं शून्य दुसऱ्या दिवशी सकाळी गृहीत धरायचं नाही. शून्य लावायच्या स्क्रूवरची रबरी टोपी हरवली असेल तर ती जागा चिकटपट्टीने बंद करा, तिथून धूळ आत जाते.

डिस्टिल्ड वॉटरचा आग्रह मात्र जरा जास्तच आहे. हजार टीडीएसचं बोअरचं पाणी म्हणजे साधारण ०.१ टक्का क्षार. ज्या पट्टीवर एक घर ०.२ चं, तिथे ते डोळ्याला दिसतही नाही. आरओचं पाणी निवांत वापरा.

तापमानाच्या दुरुस्तीचं नाव छापलंय पण आत दोन धातूंची पट्टीच नाही, अशी मीटरंही बाजारात आहेत. ओळखायचं असं: १० ग्रॅम साखर आणि ९० ग्रॅम पाणी काट्यावर मोजून घ्या. शंभर मिलीत दहा ग्रॅम टाकू नका, ते ९.१ होतं. हे १० ब्रिक्सचं पाणी. मीटर फ्रिजमध्ये १० अंशांच्या खाली जाऊ न देता थंड करून, बाहेरचा दमटपणा पुसून एकदा वाचा, मग खोलीच्या तापमानाला आल्यावर एकदा. अस्सल मीटरमध्ये आकडा जवळजवळ हलत नाही. नकलीत १० ते ३० अंशांदरम्यान सव्वा ब्रिक्सपर्यंत खाली येतो. ४० ग्रॅम साखर आणि १६० ग्रॅम पाण्याचं २० ब्रिक्सचं द्रावण करून वरची बाजूही तपासता येते. हातातल्या मीटरने २० आणि २०.२ च्या मध्ये रेघ दाखवली. या किमतीत अजून काय हवं?

तरीही बागेत व्यापारी आणि बागायतदार यांच्या आकड्यांत दोन-दोन ब्रिक्सचा फरक पडतो, आणि तो मीटरचा नसतो. घडाच्या वरच्या खांद्याचे मणी गोड, खालच्या शेंड्याचे कमी. उन्हाच्या बाजूचे वेगळे, पानाआडचे वेगळे. आपण खांद्याचा मणी पिळतो, व्यापारी शेंड्याचा. न्याय्य पद्धत अशी: ओळी बदलत, झाडाच्या दोन्ही बाजूंनी, प्रत्येक घडाच्या खांदा-मध्य-शेंड्याचे मणी घेऊन शंभरेक जमवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत चेपा, मलमलीतून गाळा, त्यातले थेंब टाका. वेळ सकाळची, रोज तीच. पाणी दिल्यावर किंवा पाऊस झाल्यावर मणी पाणी ओढतो आणि ब्रिक्स उतरतो, तेव्हा दोन दिवस जाऊ द्या. आणि सौद्याआधी दोघांच्याही मीटरवर एकाच बाटलीतलं पाणी टाकून शून्य बघा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पैशात सांगायचं तर बेदाण्याचा हिशेब घ्या. बेदाण्यात १६ टक्के ओल धरली तर ढोबळ गणिताने १८ ब्रिक्सच्या एक टन द्राक्षाचा सुमारे २१४ किलो बेदाणा होतो, २२ ला २६२. म्हणजे मीटरची ०.२ ची चूक टनाला अडीच किलोची, आणि चुकीचे मणी निवडल्याची दोन ब्रिक्सची चूक चोवीस किलोची. लोक मात्र चर्चा मीटरच्या कंपनीची करतात.

ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर, हाही समज सोडा. आम्ल, क्षार, जे काही रसात विरघळलंय ते सगळं आकड्यात येतं. लिंबाचा रस सात-आठ दाखवतो, त्यात बहुतेक आम्लच. कांद्याचा ब्रिक्स दहाच्या वर गेला म्हणून तो कोणी फळासारखा खात नाही. १८ ब्रिक्सचा एक प्लॉट गोड आणि दुसरा आंबट लागतो तो यामुळेच. शंका असेल तर १० मिली रस घेऊन, फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब टाकून, रस गुलाबी होईपर्यंत ०.१ नॉर्मल तीव्रतेचा कॉस्टिक सोडा थेंब थेंब टाका. जितके मिली लागतील त्याला ०.०७५ ने गुणलं की टार्टारिक आम्लाचा टक्का. ८ मिली म्हणजे ०.६. काळ्या द्राक्षाच्या रंगीत रसात हा गुलाबी बदल दिसत नाही, तिथे पीएच मीटरने ८.२ पर्यंत न्यावं लागतं. कच्च्या आंब्याला मीटर लावून उपयोग नाही, त्याची गोडी अजून पिठूळ स्टार्चमध्ये असते. उसाला चालतं, पण एकाच कांडीवर नको: शेंड्याचा आकडा भागिले बुडख्याचा, हे उत्तर एकच्या जवळ आलं की ऊस तयार. आणि वाइनसाठी फक्त आंबवण्याआधी. अल्कोहोल तयार व्हायला लागलं की आकडा फसवतो.

धुण्याबद्दल एकच सांगणं, नळाखाली धरू नका. काचेच्या बैठकीतून किंवा डोळ्याकडच्या रिंगमधून पाणी आत जातं आणि आत धुकं साचतं. वॉरंटी नाकारायला विक्रेत्याला हे कारण पुरतं. साचलंच तर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, उन्हात नको, काच चिकटवलेली असते. पुसायला ओलं मऊ कापड. बनियनच्या टोकाने पुसलं की कापडावरची धूळ काच खरवडते.

खरेदी करणाऱ्यांनी ० ते ८० चं एकच मीटर "सगळ्याला चालेल" म्हणून घेऊ नये. त्यात घरं दाटीने आखलेली असतात आणि अर्धा ब्रिक्ससुद्धा नीट वाचता येत नाही. काकवी-मधाची मीटरं वेगळी, ती पाण्याने शून्यच होत नाहीत. आणि ॲटॅगोसारखं डिजिटल घ्यावं का? ०.१ पर्यंत वाचतं, ०.३ मिली रस पुरतो, नळाखाली धुता येतं, बिजागरीच नाही. माल निवडून पेट्या भरणाऱ्या पॅकहाउसला जरूर घ्यावं. पण किंमत कित्येक पट, दोन-अडीच एकराच्या बागेला ती परवडत नाही, आणि भर उन्हात त्यावरही हाताने सावली धरूनच वाचावं लागतं.