बेल्ट नवा होता, तिथंच मी फसलो

माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे. कोडोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, त्यामुळं आठवड्यातून दोनदा तरी पन्हाळ्याला तहसील कार्यालयात जावं लागतं. जुनी साइड व्हीलची, म्हणजे मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर पूर्ण थकली होती. नवी गाडी घेऊन तिला चाकं बसवून घेण्याइतके पैसे हातात नव्हते, म्हणून मागच्या जूनमध्ये मी जुनी गाडी शोधायला लागलो. पुढं जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातले बरेच जण अशीच गाडी घेतात, आणि रस्त्यात बंद पडली तर आपल्याला ती ढकलत नेता येत नाही.

मोबाइलवर जाहिरात दिसली: दिव्यांगांसाठी तीनचाकी, ११० सीसी, १८ हजार किलोमीटर, इंजिनला हात लावलेला नाही. किंमत ६५ हजार. फोन केला तर माणूस अगदी गोड बोलला. गाडी मामांची आहे, मामांना आता चालवणं होत नाही, म्हणून काढायची, असं म्हणाला. मी आणि दाजी दुपारी कोल्हापुरात गेलो. आम्ही पोचलो तेव्हा गाडी नुकतीच फिरवून आणलेली होती. "आत्ताच पेट्रोल टाकून आणली, भाऊ." सायलेन्सर गरम होता. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

मी काही विचारायच्या आधीच त्यानं पाना आणला, डाव्या बाजूचं कव्हर खोललं आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडं नेणारा आतला बेल्ट दाखवला. कोरा करकरीत. त्यावरची छपाईसुद्धा पुसलेली नव्हती. वर बेल्टचं बिलही हातात दिलं. "दोन-तीन वर्षं तुम्हाला बघायलाच नको." दाजी खूश झाले, मलाही वाटलं, माणूस सरळ आहे, आतलं उघडून दाखवतोय. सपाट गल्लीत दोनशे मीटर फिरवून बघितली. ५८ हजारांला सौदा ठरला. २० हजार मोबाइलवरून पाठवले, ३८ हजार रोख दिले. त्यानं आर.सी. आणि सह्या केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म दिले. रोख पैशांची पावती मी मागितली नाही.

आठव्या दिवशी वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ चढत होतो. पावसाची भुरभुर होती, पुढं कागदांची पिशवी, मागं बायको. निम्म्या चढावर इंजिन जोरात किंचाळायला लागलं आणि गाडीचा वेग मात्र कमी कमी होत गेला. रेस वाढवावी तसा आवाज वाढायचा, गाडी जागची हलायची नाही. जळक्या रबराचा वास आला. मग गाडी मागं सरकायला लागली. दोन्ही ब्रेक दाबून धरले, बायको उतरून चाकाखाली दगड लावायला धावली. मागून ट्रक येत होता. ती दोन मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बेल्ट स्लिप होतोय म्हणून नवा टाकला. बारा दिवस बरी चालली, पुन्हा तेच. दुसऱ्यानं क्लच खोलला. क्लचची बेल, म्हणजे बाहेरची वाटी, तापून तापून निळी पडली होती आणि तिला आतून पकडणाऱ्या शूवर काचेसारखी चकाकी आली होती. त्यानं ते बदलून दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा चढावर तोच प्रकार. दोन्ही मिळून सहा हजार गेले.

मधल्या काळात कुणीतरी सांगितलं की साइड व्हीलचं सेटिंग चुकलं असणार. तो मुद्दा खोटा नव्हता, म्हणून इथं सांगतो. बाजूची चाकं जास्त खाली बसवली असतील तर मधल्या चाकावर वजनच पडत नाही. ते ओल्या रस्त्यावर किंवा खड्ड्यात नुसतं फिरत राहतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं बेल्ट घसरतोय. ओळखायची पद्धत साधी आहे. चढावर गाडी अडली की दुसऱ्या कुणाला तरी मधलं चाक बघायला सांगायचं. चाक फिरतंय आणि गाडी अडलीय, तर दोष बाजूच्या चाकांच्या उंचीत. इंजिन ओरडतंय आणि चाकच फिरत नाही, तर दोष आत, बेल्टमध्ये किंवा क्लचमध्ये. माझ्या पुतण्यानं बघितलं. चाक फिरत नव्हतं.

शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी बेल्टला हातच लावला नाही. म्हणाले, गाडी रात्रभर इथंच राहू दे, सकाळी मी चालू करणार. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर आत खडखड ऐकू आली, आणि रेस वाढवली की सायलेन्सरमधून निळसर धूर. थंड इंजिनाचा हा आवाज मला ऐकू येऊ नये म्हणूनच विकणाऱ्यानं गाडी आधी फिरवून गरम केली असणार. चालू इंजिनात त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर काढून त्या भोकावर तळहात धरला. फस फस करून वाफ येत होती आणि हातावर तेलाचे थेंब उडत होते. मग पट्टी मला दाखवली. ऑइल काकवीसारखं ओघळत होतं. "एवढं जाड ऑइल ह्या गाडीला कोण घालतंय? आवाज आणि धूर दाबायला घातलंय."

मग डाव्या बाजूचं कव्हर खोललं. तळाशी काळा, तेलकट चिखल साचला होता. मिस्त्री व्हेरिएटरच्या, म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीच्या मागं बोट फिरवून म्हणाले, "बेल्ट नवाच हाय रं बाळा, पण तेलात भिजलाय. किती बी बेल्ट बदल, तेल येतंय कुठनं ते बघ की आधी."

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली, ऑइल असतं त्या भागात उतरतो. तिथं दाब वाढतो, आणि क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याचा, तेल अडवणारा जुना सील त्या दाबानं तेल सोडायला लागतो. ते तेल उडतं थेट बेल्टच्या खोलीत. बेल्टची पकड कोरड्या पुलीवर असते, तेल लागलं की ती गेली. सपाटीला चालून जातं. साइड व्हीलचं वजन, दोन माणसं आणि चढ एकत्र आले की बेल्ट घसरतो, तापतो, जळतो. व्हेरिएटरच्या बाजूला ओल असेल तर क्रँकचा सील, मागं क्लचच्या बाजूला असेल तर गिअर बॉक्सचा. माझी ओल पुढं होती. म्हणजे विकणाऱ्याचाही बेल्ट असाच जळला असणार. त्यानं खोली पेट्रोलनं धुतली, नवा बेल्ट टाकला आणि तेल पुन्हा साचायच्या आत गाडी विकली. बिल त्यासाठीच दाखवलं. जुन्या गाडीत नवा बेल्ट दिसल्यावर जुन्याचं काय झालं, तो कुठं आहे, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. झिजून चिरा पडलेला बेल्ट आणि तेलात भिजलेला बेल्ट नुसत्या हातात घेतला तरी वेगळा कळतो.

इंजिन खोललं तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. पिस्टनचा काजळलेला माथा मिस्त्रींनी फडक्यानं पुसला, त्यावर ०.२५ असा शिक्का होता. कंपनीच्या मूळ पिस्टनवर तो नसतो, बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ते भोक, वाढवून मोठा पिस्टन टाकला की असतो. 'हात न लावलेलं' इंजिन एकदा पूर्ण खोलून झालं होतं. पुन्हा बोअर, नवा पिस्टन, रिंगा, सील, क्लच शू आणि बेल्ट मिळून ११,४०० रुपये झाले.

मीटरवरचे १८ हजार किलोमीटरही खोटे निघाले. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ४३ हजारांची नोंद होती. ही चौकशी मला पैसे द्यायच्या आधी दहा मिनिटांत करता आली असती.

आणि कागद. आर.सी.वर गाडी साधी स्कूटर म्हणूनच होती, साइड व्हीलची नोंदच नव्हती. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आर.टी.ओ.कडून तो नोंदवून घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशा गाडीला 'अडॅप्टेड व्हेईकल' म्हणतात, जुन्या आर.सी.वर 'इनव्हॅलिड कॅरेज' दिसतं. नोंद नसेल तर अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो. आपल्यासाठी हा कागद इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे. आर.सी.वर ज्या बाईंचं नाव होतं त्यांना गाठलं, तर त्यांनी गाडी वर्षभरापूर्वीच त्या माणसाला विकली होती. मामा वगैरे कुणी नव्हतं. त्याच्या नावावर अशाच आणखी चार गाड्यांच्या जाहिराती सापडल्या, सगळ्या दिव्यांगांच्या. ते बघून मला पहिल्यांदा खरा राग आला.

त्या चार जाहिराती माझ्या कामाला आल्या. एखाद्यानं घरची एकच गाडी विकली असेल तर ग्राहक आयोगाकडं जाणं अवघड असतं, पण हा धंदा करणारा माणूस आहे हे त्यातून दिसतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि मोबाइलवरून पाठवलेल्या २० हजारांची नोंद जोडली. रोख दिलेल्या ३८ हजारांसाठी दाजींचं प्रतिज्ञापत्र आहे, तेवढंच.

गाडी आता पन्हाळ्याचा चढ दोन माणसांना घेऊन चढते. आर.टी.ओ.ची नोंद अजून व्हायची आहे. जुना पिस्टन मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. तो दुकानाच्या खणात ठेवलाय, पुढच्या तारखेला सोबत नेणार आहे.